सारूबाईंची सही

"प्रभूवर भरवसा ठेवा, सारूबाई," मकासरे सर म्हणाले आणि चहा बशीत ओतून फुंकू लागले.

हे वाक्य ते दिवसातून किती वेळा म्हणत असतील देव जाणे. कुणाचं पोरगं नापास झालं, कुणाचा नवरा पळून गेला, कुणाच्या पोटात गाठ निघाली, सगळ्यांना सरांकडून हेच एक औषध मिळायचं. स्वतः मात्र ते प्रभूवर फारसं काही सोपवत नसत. त्यांच्या स्कूटरला दोन कुलपं असायची.

मकासरे सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर आणि आमच्या चर्चच्या ट्रस्टचे सेक्रेटरी. जालन्याकडच्या आमच्या त्या तालुक्याच्या गावात ख्रिस्ती घरं जेमतेम साठ. मिशन कंपाउंडमधली मुलींची बोर्डिंग केव्हाच बंद पडली होती. तिच्यामागे सात खोल्यांची एक ओळ होती, त्यातल्या एका खोलीत मी आणि आई राहायचो. माझ्या वयाच्या चौथ्या वर्षी वडील गेले. आईनं एकतीस वर्षं त्या बोर्डिंगच्या चुलीपुढं काढली.

ट्रस्टनं सगळं कंपाउंड औरंगाबादच्या एका बिल्डरला विकायचं ठरवलं होतं. खोलीतल्या माणसांना जालना रोडवर बांधून तयार असलेल्या इमारतीत फ्लॅट मिळणार होते. सातपैकी पाच जणांनी सह्या दिल्या होत्या. सहावी खोली आमची. सातव्या खोलीत हन्नाबाई होती, पण तिला कुणी मोजत नव्हतं.

अडचण आईचीच होती. बोर्डिंग चालवणाऱ्या शेवटच्या मिससाहेब मायदेशी परत जाताना मिशनच्या ठरावात लिहून गेल्या होत्या, की सारूबाई हयात असेपर्यंत तिच्या लेखी संमतीवाचून ही ओळ पाडायची नाही. पंचवीस वर्षं तो ठराव कुणाला आठवला नाही. बिल्डरच्या वकिलानं तो शोधून काढला. म्हणून आज सर आमच्या खोलीत, आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसून चहा फुंकत होते.

"हन्नाचं काय करणार सर?" आईनं विचारलं. ती खाली बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"तिचं प्रभू बघेल."

"कुठं बघेल?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणत्या जागी? ती उठत नाही, बसत नाही. खोली पाडल्यावर प्रभू तिला कुठं झोपवणार, ते विचारते."

सरांनी बशी खाली ठेवली. "सारूबाई, विश्वासात असे प्रश्न विचारायचे नसतात."

"बरं," आई म्हणाली. "मग सहीचंही विचारू नका. मीही विश्वासात राहते."

मला हसू आलं, पण ते सरांचं तोंड बघून. आईचा मला तेव्हा रागच आला होता. हन्नाबाई बोर्डिंगची झाडूवाली. तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून आई तिला धुवायची, पुसायची, भरवायची. तिच्या खोलीचा वास भिंतीतून आमच्याकडे यायचा. माझं वय सत्तावीस होतं, एसटी डेपोत कारकून होते. मला बघायला तीन ठिकाणची माणसं येऊन गेली. तिन्ही वेळा त्यांनी चहा घेतला, सार्वजनिक संडास कुठे आहे ते विचारलं, नाकाला रुमाल लावला आणि गेले. त्यावर आईचं म्हणणं, "देवाच्या मनात असेल तेव्हा होईल." आमच्या घरात देवाच्या मनात काहीच नसायचं, आणि त्याची वाट मात्र रोज बघितली जायची.

मी सरांना स्कूटरपर्यंत सोडायला गेले. पहिलं कुलूप काढता काढता ते म्हणाले, "सुनीती, तू शिकलेली आहेस. आईचे रेशनचे फॉर्म, पोस्टाचे कागद, सगळं तूच भरतेस ना?"

"हो."

"मग तिची सही तुझ्या हातात बसली असेल."

त्यांनी दुसरं कुलूप काढलं.

"मी काही सुचवत नाहीये हं. तुझ्या भल्याचं तुला कळतं. फ्लॅटला दोन खोल्या, आत संडास, आत नळ. येत्या रविवारी सभा आहे." त्यांनी पिशवीतून संमतीपत्र काढून माझ्या हातात ठेवलं. "प्रार्थना कर. मार्ग सापडेल."

मी प्रार्थना केली नाही, पण मार्ग सापडला. दुसऱ्याच दिवशी डेपोत जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला सारून मी ती सही केली.

काहीच अवघड गेलं नाही. आई लिहायला शिकली ती तिशीत, बायबल वाचता यावं म्हणून. तिची अक्षरं एकमेकांना चिकटून बसत नसत, आणि ती शिरोरेषा काढायची नाही. 'सारू रणभिसे', उघड्या डोक्याची सहा अक्षरं. बाहेर गाड्या लागत होत्या, कंट्रोलर लाउडस्पीकरवर अंबडची गाडी पुकारत होता. मला भीती वाटली नाही, वाईटही वाटलं नाही. या घरात कुणीतरी एकदाचं काहीतरी केलं, एवढंच वाटलं. संध्याकाळी कागद सरांना देऊन आले. त्यांनी तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "आईला माझा सलाम सांग."

रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं. ओहोळ पाळक तेव्हा नवे होते, तिशीचे. 'आमेन' म्हणायच्या आधीसुद्धा ते मकासरे सरांकडे बघत.

सर पुढे आले. घसा खाकरला. नव्या समाजमंदिराबद्दल बोलले, संगमरवरी फरशीबद्दल बोलले, तरुणांसाठी होणाऱ्या हॉलबद्दल बोलले. मग म्हणाले, "प्रभूच्या कृपेनं सर्व रहिवाशांच्या संमत्या आपल्याकडे आल्या आहेत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाच खोल्यांची माणसं सगळ्यात जोरात वाजवत होती.

बायकांच्या बाजूला, दुसऱ्या बाकावरून आई उठली. "माझी नाही आली," ती म्हणाली.

टाळ्या एकदम थांबल्या नाहीत. विरत विरत थांबल्या. मी तिच्यामागे दोन बाक सोडून बसले होते.

"सारूबाई, आलीय तुमची," सर म्हणाले.

"मी दिली नाही, तर येईल कशी?"

सरांनी फाईलमधून कागद काढला आणि आईकडे पाठवला. तो हातोहात आला. प्रत्येक बाईनं तो पुढे देताना डोळे बारीक करून बघून घेतला. आईनं चष्मा लावला, खिडकीशी गेली आणि वाचू लागली. तिला वाचायला नेहमीच वेळ लागायचा. पण त्या दिवशी ती वाचत नव्हती. ती नुसती त्या सहा अक्षरांकडे बघत होती.

तिला कळलं ते मला तिच्या पाठीकडे बघूनच कळलं.

"सही तुमची नसेल, तर मग ती कुणीतरी खोटी केली असं होईल," सर अगदी मऊ आवाजात म्हणाले. वर्गात पट्टी उगारायच्या आधी त्यांचा आवाज असाच व्हायचा, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगत. "मग हे प्रकरण पोलिसात द्यावं लागेल. माझा नाइलाज आहे. पोलीस घरातल्या शिकलेल्या माणसांपासून सुरुवात करतात, सारूबाई. त्यात कुणी नोकरीला असेल तर नोकरी जाते. मी हे आपलं सर्वसाधारण सांगतोय."

त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. त्याची गरजच नव्हती.

मी उठले असते तर सहा पावलांत पुढे पोचले असते. मी उठले नाही. आणि त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं, तेही सांगते, कारण तेवढंच सांगण्यासारखं आहे. मला आईची कीव येत नव्हती. मला तिचा तिटकारा आला होता. मला माहीत होतं, की ती खरं बोलणार. एकदा बोर्डिंगच्या तपासणीला साहेब आले होते. मुली साठ सांगायच्या, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. साहेबांनी स्वयंपाकघरात डोकावून सहज विचारलं, "मावशी, किती ताटं?" आई म्हणाली, "अठ्ठेचाळीस." बोर्डिंगचं अनुदान कापलं गेलं. पुढे कितीतरी दिवस मिशनमधलं कुणी तिच्याशी बोललं नाही, तेव्हाही ती म्हणाली होती, "देव आहे." आता ती डोळे मिटणार, देवाला विचारणार, देव तिला खरं बोल म्हणणार आणि तिच्या त्या देवापायी माझी नोकरी जाणार. मी रुमालाचं टोक पिळत तिच्या अंबाड्याकडे बघत बसले आणि मनात म्हटलं, कर बाई, तुझ्या देवाला खूश कर.

"पाळकसाहेब, बायबल आणा," मागून कुणीतरी पुरुष म्हणाला. "हात ठेवून सांगू दे. भानगडच नको."

ओहोळांनी सरांकडे बघितलं. सरांनी मान हलवली. व्यासपीठावरचं मोठं, काळ्या कातडी बांधणीचं बायबल घेऊन ओहोळ खाली आले आणि ते दोन्ही हातांवर धरून आईसमोर उभे राहिले.

आईनं डोळे मिटले नाहीत. तिनं चष्मा काढला, पदरानं हात पुसला आणि तो त्या पुस्तकावर ठेवला.

"सही माझीच आहे," ती म्हणाली. "दिली होती. विसरले."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं. मग आणखी दोघं-तिघं.

"वय झालं," सर मोठ्या मनानं म्हणाले. "चालायचंच. आपण प्रार्थना करू या." आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या. सरांनी पवित्र आत्म्याच्या मार्गदर्शनाबद्दल आभार मानले. ते तीन-चार मिनिटं मानत होते.

घरी आल्यावर आईनं भात टाकला, आमटी केली, हन्नाबाईला भरवून आली. मी वाट बघत होते. तिनं एक थोबाडीत मारावी, निदान एखादा शब्द बोलावा. ती फक्त म्हणाली, "जेवून घे."

पुढच्या आठवड्यात तिनं जिनिंग मिलच्या मागे पत्र्याची एक खोली भाड्यानं घेतली. एका सकाळी हातगाडी आणली. गाडीवर गादी टाकली, गादीवर हन्नाबाईला टाकलं, तिच्या पायाशी आपली ट्रंक ठेवली आणि एका हातानं हन्नाबाईचं डोकं सावरत गाडीच्या बाजूनं चालत निघाली. पाच खोल्यांची माणसं दारात उभी होती. गाडीला हात लावायला कुणीही पुढे आलं नाही. मीही नाही.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुला फ्लॅट आहे ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मला आजही खात्रीनं सांगता येतं. असता तर बरं झालं असतं.

फ्लॅट चांगला होता. नळ आत, संडास आत, कसलाही वास नाही. त्याच इमारतीत तळमजल्यावर मकासरे सरांनाही दोन फ्लॅट मिळाले होते, एक त्यांना आणि एक त्यांच्या जावयाला. ते कंपाउंडमध्ये कधीच राहत नव्हते, पण कुणी विचारलं नाही. जिन्यात भेटले की ते मला म्हणायचे, "आई कशी आहे?"

"मजेत," मी म्हणायचे.

दीड महिना मी तिकडे फिरकले नाही. आई दर रविवारी जिनिंगपासून दोन मैल चालत चर्चला जाते, त्याच दुसऱ्या बाकावर बसते, हे मला शेजारणींकडून कळलं. ते ऐकून माझं डोकं फिरलं. एका दुपारी मोसंबी घेऊन मी तिच्याकडे गेले, आणि खरं सांगायचं तर भांडायला गेले.

पत्रा तापला होता. आईनं खाटेशेजारी पाण्याची बादली ठेवली होती आणि हन्नाबाईची पाठ पुसत होती. मला बघून म्हणाली, "आलीस?" आणि पुन्हा पुसू लागली.

मी मोसंबी ठेवली. उभीच राहिले. "अजून तिथं जातेस?"

"कुठं?"

"चर्चला. त्या मकासऱ्याचं तोंड बघायला."

"त्याचं तोंड बघायला नाही जात."

"मग देवाचं? काय केलं गं तुझ्या देवानं? तुझं घर गेलं, या पत्र्याखाली भाजतेस, ते सगळे मजेत आहेत. आणि तू, तू त्याच्या पुस्तकावर हात ठेवून खोटं बोललीस. तेव्हा तरी त्यानं तुला थांबवायचं!"

आईनं फडकं बादलीत पिळलं. "त्याला विचारलंच नाही मी."

"काय?"

"सगळं विचारून करते. तुला शाळेत घालायचं होतं तेव्हा विचारलं. तुझे वडील गेले तेव्हा रात्रंदिवस विचारत होते, आता कसं करू, आता कसं करू. त्या दिवशी नाही विचारलं." तिनं हन्नाबाईचा हात उचलून त्याच्याखाली पुसलं. "विचारलं असतं तर तो खरं बोल म्हणाला असता. मग मला त्याचं ऐकावं लागलं असतं."

मी म्हणाले ते इतकं मूर्खासारखं होतं, की आठवलं तरी लाज वाटते. मी म्हणाले, "माझ्यासाठी केलंस."

"तुझ्यासाठी केलं म्हणून ते खरं होतं का?" आई पहिल्यांदा माझ्यावर डाफरली. "उगाच गोड करू नकोस. खोटं ते खोटंच."

"मग आता?"

"आता काय? रोज सकाळी त्याच्यापुढं जाते. आधी काय काय मागायचे त्याच्याकडे, आता काही मागायला तोंड होत नाही. नुसती बसते. पण जाते. दुसरीकडं कुठं जाऊ?"

मी आयुष्यभर तिच्या भरवशाला हसत आले होते. मला वाटायचं, ज्यांना काही जमत नाही ती माणसं देवावर टाकून मोकळी होतात. ही बाई मोकळी झालेली नव्हती. जे काही तिच्याजवळ होतं, ते एकच होतं, आणि तेही तिनं माझ्या नोकरीपायी मोडून घेतलं होतं. मोडलेलं घेऊन ती रोज त्याच दारात जाऊन बसत होती. मकासऱ्यासारख्या माणसाला ते दार कुठं आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

"बघत काय बसलीस," आई म्हणाली. "हिला वळवायचंय. तिकडून धर."

तीन वर्षं मी त्या बाईच्या भिंतीपलीकडे राहिले होते आणि तिला कधी हात लावला नव्हता. मी तिच्या काखेखाली हात घातले. ती जड होती, ओली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंडाच्या एका बाजूनं काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"हात गार आहेत म्हणते," आई म्हणाली.

त्यानंतर मी रोज ड्यूटी सुटली की जिनिंगकडे जायचे. पुढे फ्लॅटला कुलूप लावून तिथंच राहायला गेले. हन्नाबाई नाताळाच्या आधी गेली. आई त्यानंतर आठ वर्षं जगली, त्याच पत्र्याखाली. तेवढ्या वर्षांत चर्चमध्ये उभं राहून खरं सांगून टाकावं असं मला शंभर वेळा वाटलं. पण मी खरं बोलले असते तर आई खोटी ठरली असती, तीही बायबलवर हात ठेवून. एकदा मी तिला तसं विचारलं. ती म्हणाली, "मी असेपर्यंत ते माझं आहे. नंतर तुझं तू बघ."

तिच्या दफनाच्या दिवशी नव्या समाजमंदिरात सगळे जमले होते. संगमरवरी फरशी होती. मकासरे सर पहिल्या रांगेत होते, ऐंशीच्या घरातले, हातात काठी. ओहोळ पाळकांनी आईच्या श्रद्धेबद्दल फार छान छान सांगितलं. त्यातलं निम्मं मरणाऱ्या प्रत्येक बाईबद्दल सांगतात तेच होतं. मग त्यांनी विचारलं, कुटुंबातल्या कुणाला दोन शब्द बोलायचे आहेत का?

मी पुढे गेले. "ती सही मी केली होती," मी म्हणाले. "आईनं माझ्यासाठी खोटं सांगितलं. सरांना ते माहीत होतं. कागद त्यांनीच मला दिला होता."

एका बाईनं मागून माझा पदर ओढला. "सुनीती, आज नको, आज तू दुःखात आहेस," ओहोळ माझ्या कानाशी येऊन म्हणाले. "बस खाली."

मकासरे सरांना अलीकडे ऐकायला कमी यायचं. ते शेजारच्या माणसाकडे झुकून विचारत होते, "काय म्हणते? काय म्हणते ती?" शेजारचा माणूस आपल्या बुटांकडे बघत होता.

मी खाली उतरून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, त्यांच्या कानाजवळ वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.